ट्रेमोलो कागदावर बरोबर, स्पीकरवर चूक : नोटेशन सॉफ्टवेअरकडून तो नीट वाजवून घेण्याची पद्धत

एकांकिकेचं पार्श्वसंगीत घरच्या लॅपटॉपवर करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. व्हायोलिनच्या लांब स्वरावर ट्रेमोलोच्या (स्वर झरझर पुन्हा पुन्हा वाजवून आणलेल्या थरथरीच्या) तीन तिरप्या रेघा मारल्या, वाजवून ऐकायला स्पेसबार दाबला, आणि अंगावर काटा आणणारी थरथर यायच्या जागी शिलाई मशीन सुरू झालं. मग चौथी रेघ मारली जाते आणि मशीन आणखी जोरात चालतं. मग रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वाढवतात, मग आवाज कमी करतात, आणि शेवटी 'फुकटचं सॉफ्टवेअर, एवढंच वाजणार' म्हणून विषय संपवतात.

दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो, पायऱ्यांच्या क्रमाचा असतो. रेघा सगळ्यात आधी मारल्या जातात आणि टेम्पो (मिनिटाला किती ठोके), वाद्याचा आवाज या गोष्टी नंतर आठवतात. सॉफ्टवेअरला थरथर कळत नाही. ते स्वराची लांबी घेतं, रेघा मोजतं, भागाकार करतं आणि येईल तितक्या वेळा तोच स्वर पुन्हा वाजवतं. हा भागाकार आपल्या बाजूने वळवायचा, किंवा तो टाळून ध्वनिमुद्रित ट्रेमोलो वापरायचा, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे.

खाली म्यूझस्कोअर ४ धरून लिहिलं आहे, कारण ते मोफत आहे आणि आपल्याकडे बहुतेक जण त्यावरच शिकतात. सिबेलियस किंवा डोरिको वापरत असाल तर बटणं वेगळी असतील, रेघांचा हिशेब तोच. क्वार्टर नोट म्हणजे एक ठोका धरला आहे; होल नोट चार ठोके, हाफ दोन, एट्थ अर्धा, सिक्स्टीन्थ पाव आणि थर्टी-सेकंड त्याच्याही अर्धा. ट्रिनिटीच्या परीक्षा देणाऱ्यांनी तिथे क्रॉचेट असं वाचावं.

१. आधी ठरवा : मोजलेला की न मोजलेला?

एकाच चिन्हाचे दोन अर्थ होतात आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो.

पहिला अर्थ निव्वळ लघुलेखनाचा. हाफ नोटच्या दांडीवर (स्वराला जोडलेल्या उभ्या रेघेवर) एक रेघ म्हणजे चार एट्थ नोट्स, दोन रेघा म्हणजे आठ सिक्स्टीन्थ. प्रत्येक स्वर सुटा, मोजून, तालात वाजायला हवा. घोड्यांच्या टापा, धावपळीचा प्रसंग, चेलोची एकसुरी धडधड या गोष्टी इथे बसतात.

दुसरा अर्थ थरथरीचा. इथे किती वेळा वाजलं याला महत्त्व नाही. वादक बो (व्हायोलिनचा गज) जमेल तितक्या वेगाने, छोट्या हालचालीत मागेपुढे करतो. शिवाय वादक दहा असतील तर दहाही जण वेगवेगळ्या वेगाने करतात. ती चमक या बेशिस्तीतून येते.

संगणक पहिला प्रकार उत्तम वाजवतो. दुसरा तो पहिल्यासारखाच वाजवतो, म्हणून फसतो. तेव्हा स्कोअर उघडण्याआधी प्रत्येक ट्रेमोलोपाशी पेन्सिलीने 'मोजलेला' किंवा 'थरथर' असं लिहून ठेवा. पुढच्या पायऱ्या त्यावरून ठरणार आहेत.

२. टेम्पो पक्का करा, मगच रेघा

हिशेब असा आहे. क्वार्टर नोटवर एक रेघ असेल तर दोन आघात, दोन रेघा असतील तर चार, तीन असतील तर आठ, चार असतील तर सोळा. टेम्पोला ६० ने भागून या आकड्याने गुणा, म्हणजे दर सेकंदाला किती आघात पडतात ते कळतं.

टेम्पो ६० : दोन रेघा ४, तीन रेघा ८, चार रेघा १६
टेम्पो ७२ : दोन रेघा ४.८, तीन रेघा ९.६, चार रेघा १९.२
टेम्पो ९० : दोन रेघा ६, तीन रेघा १२, चार रेघा २४
टेम्पो १२० : दोन रेघा ८, तीन रेघा १६, चार रेघा ३२

माझ्या कानाला सेकंदाला नऊच्या खाली गेलं की आघात मोजता येतात, थरथर वाटत नाही. दहा ते सोळा हा पट्टा चालतो. विसाच्या वर स्वर हरवतो आणि नुसती घरघर उरते. ६० टेम्पोच्या करुण प्रसंगात तीन रेघा शिलाई मशीनसारख्या का वाजतात आणि १२० ला त्याच तीन का चालून जातात, ते या आकड्यांवरून दिसेल. १२० टेम्पोला चौथी रेघ मारली की प्रत्येक आघाताला सुमारे ३१ मिलिसेकंद मिळतात. एवढ्यात व्हायोलिनचा स्वर उमटतही नाही.

> तपासा : टेम्पोची खूण कोणत्या स्वराला दिली आहे? सहा-अष्टमांश मापात 'डॉटेड क्वार्टर = ६०' लिहिलं असेल तर क्वार्टरचा वेग ९० झाला. तीन रेघा तिथे सेकंदाला बारा आघात देतात, आठ नाही.

टेम्पो टाकण्यासाठी स्वर निवडून ऑल्ट-शिफ्ट-टी दाबा. प्लेबॅकच्या पट्टीवर वेग तात्पुरता कमीजास्त करण्याची सोय असते. रेघांचा निर्णय घेताना ती मूळ शंभर टक्क्यांवर आणून ठेवा. सरावासाठी वेग निम्मा केलेला राहतो, आणि माणूस त्या वेगावर ट्रेमोलो 'दुरुस्त' करत बसतो.

३. खूण योग्य पॅलेटमधून, योग्य स्वरावर

एफ-९ दाबून पॅलेट्स (खुणांचे संच) उघडा आणि ट्रेमोलोचं पॅलेट शोधा. स्वर निवडा, हव्या तितक्या रेघांच्या खुणेवर क्लिक करा. एकसारखे बरेच स्वर असतील तर पूर्ण पट्टा निवडून एकदाच क्लिक केलं तरी चालतं. होल नोटला दांडी नसते, तिथे रेघा स्वराच्या वर किंवा खाली बसतात; हिशेब तोच, तीन रेघा म्हणजे बत्तीस आघात.

शेपटी असलेल्या स्वरांशी मात्र सगळेच अडखळतात. एट्थ नोटला आधीच एक शेपटी, किंवा जोडलेली असेल तर एक बीम (दांड्या जोडणारी जाड पट्टी) असतो. ती शेपटीही रेघांबरोबर मोजली जाते. म्हणजे एट्थ नोटवर दोन रेघा मारल्या की थर्टी-सेकंड नोट्सचा वेग झाला. क्वार्टरवर तीन रेघा मारल्यावर होतो तोच. क्वार्टर नोट्सची ओळ आणि तिच्या शेवटी दोन एट्थ असतील आणि सगळीकडे तीन-तीन रेघा मारल्या, तर शेवटच्या दोन स्वरांवर वेग दुप्पट होतो. कागदावर एकसारखं दिसतं, कानाला गचका बसतो.

> थांबा : मास्टर पॅलेटमधल्या 'सिंबल्स' विभागात अगदी अशाच दिसणाऱ्या रेघा आहेत. ती फक्त चित्रं आहेत. छापली जातात, वाजत नाहीत. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये ट्रेमोलो मुका असेल तर पहिला संशय यावरच घ्या. खूण काढून ट्रेमोलोच्या पॅलेटमधून पुन्हा लावा.

४. दोन स्वरांमधला ट्रेमोलो : लांबी अर्धी लिहायची

दोन स्वर आलटून-पालटून वाजवायचे असतील, उदाहरणार्थ सा आणि वरचा ग, तर छापील स्कोअरमध्ये दोन्ही स्वर पूर्ण लांबीचे दिसतात, पण जागा मात्र एकाचीच व्यापतात. एका हाफ नोटएवढ्या वेळात चालणारा ट्रेमोलो दोन हाफ नोट्स काढून दाखवतात. हे पाहून लोक दोन हाफ नोट्स टाकतात, बार (दोन उभ्या रेषांमधलं तालाचं घर) भरून जातो, आणि ट्रेमोलो दुप्पट लांब होतो.

क्रम असा ठेवा :

१. एकूण वेळेच्या अर्ध्या लांबीचे दोन स्वर लिहा. हाफ नोटएवढा ट्रेमोलो हवा तर दोन क्वार्टर. डॉटेड हाफएवढा हवा तर दोन डॉटेड क्वार्टर.
२. फक्त पहिला स्वर निवडा.
३. पॅलेटमधून दोन स्वरांमधली खूण निवडा. तिचं चित्र दोन दांड्यांच्या मधल्या रेघांचं असतं.
४. स्वर आपोआप हाफ नोट्ससारखे दिसू लागतील. बारातली मात्रा बदलत नाही.

दोन्ही स्वर एकाच व्हॉइसमध्ये (स्टाफवरच्या एकाच स्वरओळीत), एकाच लांबीचे आणि एकमेकांना लागून हवेत. मध्ये विराम आला तर खूण लागणार नाही.

> तपासा : तीन रेघांचा, हाफ नोटएवढा ट्रेमोलो असेल तर एकूण सोळा आघात, म्हणजे आठ जोड्या ऐकू यायला हव्यात. टेम्पो ३० वर आणून मोजा. जोड्या सोळा निघाल्या तर तुम्ही लांबी अर्धी केलेली नाही.

पियानोच्या डाव्या हाताची एक चूक इथेच सांगून टाकतो. खालचा सा आणि वरचा सा एकावर एक ठेवून दांडीवर तीन रेघा मारल्या, तर सॉफ्टवेअर दोन्ही पट्ट्या एकदम, सेकंदाला आठ-दहा वेळा आपटतं. खरा वादक अंगठा आणि करंगळी आलटून-पालटून टाकतो. पियानोला जवळजवळ नेहमी दोन स्वरांमधला ट्रेमोलोच हवा असतो.

५. आवाज निवडा, खरी करामत इथे आहे

आतापर्यंत सगळं बरोबर करूनही थरथर येत नसेल तर कारण आवाजात आहे.

*एमएस बेसिकसारखा साउंडफाँट (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांचा संच) असेल तर.* म्यूझस्कोअरबरोबर येणाऱ्या या संचात व्हायोलिनच्या स्वराचा ठरलेला नमुना (ध्वनिमुद्रित तुकडा) असतो. ट्रेमोलोसाठी तोच नमुना, त्याच जोराने, अगदी समान अंतराने पुन्हा पुन्हा वाजतो. माणसाच्या हातून सलग दोन आघात सारखे पडत नाहीत, त्यामुळे कान ही नक्कल लगेच पकडतो. शिवाय तंतुवाद्यांचे नमुने हळू उमलतात. साठ-सत्तर मिलिसेकंदांत स्वर पूर्ण जोरावर पोचत नाही आणि पुढचा आघात येतो. म्हणून ट्रेमोलो लांब स्वरापेक्षा दबका आणि चिखलात रुतल्यासारखा ऐकू येतो. आवाज वाढवून हे सुटत नाही.

याला उपाय जुनाच आहे. जनरल मिडीच्या (वाद्यांच्या आवाजांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानक) यादीत ४५ व्या क्रमांकावर 'ट्रेमोलो स्ट्रिंग्ज' नावाचा वेगळा आवाज आहे, पिझिकातोच्या (बोटाने छेडलेल्या तारांच्या) लगेच आधी. काही सॉफ्टवेअर मोजणी शून्यापासून करतात, तिथे तो ४४ वर सापडेल. हा आवाज थरथरणारा म्हणूनच बनवलेला असतो, त्यामुळे त्याला नुसता लांब स्वर द्यायचा. एफ-१० ने मिक्सर (वाद्यांचे आवाज निवडण्याची पट्टी) उघडा, त्या वाद्याच्या आवाजाच्या यादीत साउंडफाँटमधून तो निवडा.

> थांबा : ट्रेमोलो स्ट्रिंग्जचा आवाज आणि दांडीवरच्या रेघा दोन्ही एकत्र ठेवू नका. थरथरणारा नमुना सेकंदाला दहा वेळा पहिल्यापासून सुरू होतो आणि नुसता अडखळत राहतो. एक तर रेघा वाजवा, नाही तर नमुना. रेघा छापायच्याही असतील तर सातवी पायरी बघा.

*म्यूझ साउंड्स असतील तर.* म्यूझ हब या ॲपमधून उतरवून घ्यायची ही वाद्यं मोफत मिळतात. तिथल्या तंतुवाद्यांचा ट्रेमोलो वेगळा ध्वनिमुद्रित केलेला आहे, म्हणून दुसऱ्या पायरीतलं गणित इथे तंतोतंत लागू होईल असं धरून चालू नका. थरथरीसाठी तीन रेघा ठेवा आणि ऐका. लॅपटॉपला मेमरी पुरत असेल तर थरथरीच्या प्रसंगांसाठी हाच सगळ्यात सोपा रस्ता आहे. मोजलेल्या ट्रेमोलोचं मात्र प्रत्येक वाद्यावर वेगळं ऐकून ठरवा. आघात तालात सुटे ऐकू आले नाहीत तर स्वर सरळ लिहून काढा.

*छेडून किंवा ठोकून वाजणारी वाद्यं.* मेंडोलिन, गिटार, झायलोफोन यांचा प्रश्न उलटा आहे. त्यांचा आघात तीक्ष्ण आणि स्वर लगेच विरणारा, त्यामुळे पुन्हा पुन्हा वाजवलेला नमुना बराच खरा वाटतो. मेंडोलिनला टिकवून धरायचा स्वर मुळात ट्रेमोलोनेच मिळतो. इथे रेघा ठेवा. फक्त सेकंदाला सोळाच्या पुढे जाऊ नका. जमलं तर एकाआड एक आघात थोडा हलका करा, वर-खाली जाणाऱ्या प्लेक्ट्रमसारखा (तार छेडायच्या पातीसारखा). त्यासाठी स्वर लिहून काढावे लागतात.

रिव्हर्बबद्दल एवढंच की तो सगळ्यात शेवटी. आधी टाकलात तर चुका झाकल्या जातात, आणि सभागृहाच्या स्पीकरवर त्याच पुन्हा उघड्या पडतात.

६. अडचणीच्या जागा

*फर्माटा.* म्यूझस्कोअर फर्माटाखालचा (स्वर हवा तितका लांबवायच्या खुणेखालचा) टेम्पो मंदावतं. म्हणजे शेवटच्या लांब, थरथरत्या स्वरावर फर्माटा ठेवलात तर नेमका तिथेच ट्रेमोलो रेंगाळायला लागतो. रिटार्डांडोचंही (हळूहळू मंद होण्याच्या सूचनेचं) तसंच. खरे वादक टेम्पो मंदावला तरी बो मंदावत नाहीत. उपाय दोन : त्या स्वरावर एक रेघ वाढवा, किंवा ध्वनिमुद्रित ट्रेमोलोचा आवाज वापरा, त्याच्या आतली थरथर टेम्पोवर चालत नाही.

*टाय.* टाय म्हणजे दोन सारखे स्वर एकच लांब स्वर म्हणून जोडणारी कमान. बाररेषा ओलांडून जोडलेल्या दोन्ही स्वरांवर रेघा हव्यात, फक्त पहिल्यावर नकोत. तरीही दुसरा भाग सपाट वाजला तर टाय काढून ऐकून बघा. न मोजलेल्या ट्रेमोलोत टाय असण्या-नसण्याने कानाला फारसा फरक पडत नाही.

*बझ रोल.* दांडीवर झेडसारखं दिसणारं हे चिन्ह स्नेअर ड्रमचं आहे. त्याला ठरावीक आघातसंख्या नाही. म्यूझस्कोअर ३ मध्ये तर ते वाजतच नव्हतं. ते निवडलं असेल आणि नुसता एक ठोका ऐकू आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, तीन रेघांचा ट्रेमोलो लावा.

*ट्रिपलेट.* एका ठोक्यात सहा आघात हवे असतील तर क्वार्टरवर रेघा मारून ते येणार नाहीत. रेघांनी दोन, चार, आठ, सोळा एवढंच मिळतं. सहा स्वर लिहून काढा, वेळ वाचेल.

*क्रेशेंडो.* हलक्या आवाजापासून चढत जाणारा ट्रेमोलो नाटकात सगळ्यात जास्त लागतो. दोन टोकांना डायनॅमिक्सच्या (आवाजाच्या जोराच्या) खुणा द्या. फक्त केसपिनी (हेअरपिन, म्हणजे उघडत जाणारी < अशी खूण) काढून सोडली तर किती वर जायचं ते सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं.

७. छापायचा स्टाफ वेगळा, वाजवायचा वेगळा

वादकांना देण्याचा कागद आणि स्पीकरवर वाजवण्याची फाइल यांचं जमत नसेल तर भांडत बसू नका. दोन स्टाफ (वाद्याच्या पाच रेषांच्या ओळी) करा.

१. तेच वाद्य स्कोअरमध्ये आणखी एकदा घ्या. त्याला 'वाजवण्यासाठी' असं नाव द्या.
२. मूळ स्टाफवरचे स्वर नव्यावर कॉपी करा.
३. नव्या स्टाफवर रेघा काढून टाका आणि मिक्सरमध्ये ट्रेमोलो स्ट्रिंग्ज लावा. किंवा स्वर सुटे लिहून त्यांचा जोर हाताने बदला.
४. मूळ स्टाफ मिक्सरमध्ये म्यूट करा.
५. एफ-७ ने वाद्यांची यादी उघडा आणि नव्या स्टाफपुढचा डोळा बंद करा.

> तपासा : पाचव्या टप्प्यानंतर सगळंच शांत झालं? लपवलेली वाद्यं आपोआप गप्प करण्याची सोय चालू असणार. सेटिंगमध्ये जाऊन तिची खूण काढा.

क्रम बदलू नका. आधी लपवलंत तर कॉपी केलेले स्वर कुठे पडले ते दिसत नाही. आणि हे काम स्कोअर पूर्ण झाल्यावरच करा. नंतर एक स्वर बदलला तर तो दोन ठिकाणी बदलावा लागतो, आणि एक ठिकाण हमखास राहतं.

८. फाइल बाहेर काढताना

डब्ल्यूएव्ही किंवा एमपी-३ काढलीत तर जे ऐकलं तेच जाईल. मिडी (कोणता स्वर केव्हा वाजवायचा याची नोंद) आणि म्यूझिक-एक्सएमएल (एका नोटेशन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात स्कोअर नेण्याचा फाइल-प्रकार) या दोहोंचं मात्र वेगळं आहे.

मिडी फाइलमध्ये रेघा जात नाहीत. सुटे सुटे आघात जातात. म्यूझस्कोअर क्वार्टर नोटचे ४८० टिक (वेळेचे बारीक तुकडे) करतं, म्हणून तीन रेघांचे आघात ६० टिकच्या अंतरावर दिसायला हवेत. क्युबेस, रीपर असं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरून तिथे चांगला ट्रेमोलो आवाज लावणार असाल, तर मिडी काढण्याआधी रेघा उतरवा आणि लांब स्वर पाठवा. नाही तर पाचव्या पायरीतला अडखळा तिथे पुन्हा भेटेल. तीच मिडी परत नोटेशनमध्ये उघडलीत तर रेघांच्या जागी थर्टी-सेकंड नोट्सची रांग येते. मूळ स्कोअर जपून ठेवा.

म्यूझिक-एक्सएमएल बरोबर उलटं वागतं. त्यात खुणा आणि रेघांची संख्या जाते, आघात जात नाहीत. समोरचं सॉफ्टवेअर त्या स्वतःच्या पद्धतीने वाजवणार. फाइल पाठवताना टेम्पो, कुठला ट्रेमोलो मोजलेला आहे आणि कुठला थरथरीचा, हे मजकुरात लिहून द्या. उघडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी दोन स्वरांमधले ट्रेमोलो आणि एट्थ नोट्सवरचे ट्रेमोलो तपासावेत. बाकीचे सहसा नीट येतात.